सव्वा तासाचं विमान

"हैदराबाद ते संभाजीनगर सव्वा तास! आक्का, तू कावून जिवाला घोर लावून घेतीस?" मी फोनवर म्हणालो, वर हसलोही. आक्का, माझी थोरली बहीण, शिरूर कासारजवळच्या खेड्यात राहते. तिच्या लेकीचं लग्न होतं, मुहूर्त बारा पस्तीसचा. नवरीच्या मागं मामानं उभं राहायचं असतं, आणि मामा मी एकटाच.

"आदल्या रातच्या गाडीनं ये," ती म्हणाली. "मला तर मंडपात पुढं येऊ देणार न्हाईत. माझ्या बाजूनं तू तरी उभा ऱ्हा."

दाजींना जाऊन सहा वर्षं झाली होती. विधवेनं शुभकार्यात पुढं यायचं नाही, असं तिच्या दिरानं आधीच ठणकावलं होतं.

तरी मी रातच्या गाडीनं गेलो नाही. विमानाची ऐट, दुसरं काय!

विमान सकाळी सातचं. पट्टे बांधून दोन तास जागेवरच बसलो, तांत्रिक अडचण म्हणे. हवेत मात्र खरंच सव्वा तास लागला. मी मूर्खानं तेवढाच मोजला होता. भाड्याची गाडी करून निघालो तेव्हा पावणेअकरा झालेले.

"साहेब, दीडच्या आत शिरूर होत न्हाई," ड्रायव्हर म्हणाला. मी त्याच्यावरच डाफरलो. त्या बिचाऱ्याचा काय गुन्हा?

ऊसतोडीला गेलेली माणसं परतली की आमच्याकडं लग्नांचा धडाका असतो. पाचोडला वरात आडवी आली. घड्याळात बारा. काच खाली करून मी नाचणाऱ्यांना शिव्या घातल्या, ते हात वर करून आणखीच नाचले. तेवढ्यात आक्काचा फोन.

"कुठवर आलास रं? दीर म्हणतोय, त्याचा मेव्हणा उभा करतो."

"गेवराई सोडली," मी म्हणालो. गेवराई अजून कुठल्या कुठं होती!

"मग थांबवते समद्यांला," ती म्हणाली. आवाज एकदम हलका झाला तिचा. पुढचे तिचे चार फोन मी उचललेच नाहीत.

पोचलो तेव्हा पावणेदोन. अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं सुरू. मंडपातून माणसांना ढकलत स्टेजकडं धावलो. नवरीच्या मागं मेव्हणा नव्हता. आक्का उभी होती, लेकीच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवून. दीर खाली लालबुंद होऊन बसलेला.

मी धापा टाकत तिच्याजवळ गेलो. "आक्का, सरक. आलो मी."

तिनं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"ऱ्हाऊ दे आता," ती म्हणाली. "मी हाय."

शरमेनं माझी मान वर होईना. खाली उतरलो. कुणीतरी हातात अक्षता दिल्या, त्या मी गर्दीतून टाकल्या.