बाणातल्या बाई

आमच्या पारनेरात एके काळी सगळ्या गावाला मिळून एकच 'ण' होता, आणि तो बाणातल्या बाईंकडे असे. बाकी आम्ही सगळे 'न'वाले. पानी, लोनी, चटनी, पाव्हना. आमचं त्यावाचून काही अडत नव्हतं. पण बाई 'पाणी' म्हणाल्या की त्यांची जीभ मागे वळून टाळूला अशी काही टिचकी मारी, की ऐकणाऱ्याला नुसत्या शब्दानंच तहान लागावी. त्यांचे 'शेंगदाणे' तर कानावर पडतानाच भाजलेले असत. त्या दुकानात येऊन 'वाणीदादा' म्हणाल्या, की आमचा वाणी गादीवर जरा ताठ बसून घ्यायचा.

पहिलीचा वर्ग त्यांच्याकडे होता. 'न नळातला, ण बाणातला' हे त्यांनी आम्हाला इतक्या जिवाच्या आकांतानं शिकवलं, की त्यांचं खरं नाव मागे पडलं आणि त्या बाणातल्या बाई झाल्या. मीही त्यांच्या हाताखालून गेलो. आख्खी नोकरी त्यांनी त्या एका अक्षरावर खर्ची घातली, पण रिटायर झाल्या तेव्हाही गावातल्या 'ण'च्या संख्येत काही भर पडलेली नव्हती. आठवड्याच्या बाजारात एखादा भरघोस मिशांचा बाप्या त्यांच्या पाया पडायचा.

"बाई, वळखलं का? मी कोन?"

"कोण," बाई सांगायच्या.

"आवो, तेच इचारतोय. मी कोन?"

"कोण!"

"दत्तू हाय मी बाई, दत्तू! मागच्या बाकावरचा!"

मग बाई कपाळावर हात मारून हसायच्या आणि दत्तूच्या पोरांची चौकशी करायच्या.

नव्वद सालानंतर मी एसटी स्टँडसमोर कॅसेटचं दुकान टाकलं. कोऱ्या कॅसेटमध्ये लोकांच्या पसंतीची गाणी भरून द्यायची, हा धंदा. नवी गाणी धडाधड येत होती, पण एक गाणं मला आठवड्यातून दोनदा तरी भरावं लागे. चाळीस-एक वर्षांपूर्वीची रेकॉर्ड. गायिकेचं नाव नुसतं 'कु. शालन'. माझ्याकडे ती नगरच्या जुन्या बाजारातून आली होती, कडेला टवका गेलेली.

'कोन गं आलं अंगनी, चांदनं भरलं रांजनी.'

बस्स, इतकंच काय ते गाणं. पुढे दोन कडवी होती, पण ती कुणाला पाठ नव्हती आणि त्यांची गरजही नव्हती. अंगणात कुणीतरी आलंय, कोण ते दिसत नाही, आणि पाण्याच्या रांजणात चांदणं काठोकाठ भरलंय. दुपारी स्टँड पेंगायला लागला, कंडक्टर बाकावर आडवे झाले, की मी ती सुई अलगद ठेवायचो. आवाज कोवळा होता, पण बावळट नव्हता. तो लागला की भर उन्हात दुकानाच्या फरशीवर चांदण्याचा ओला डाग पडल्यासारखा वाटे. आणि सगळी जादू त्या 'न'मध्ये होती. 'कोन' म्हणताना ती मुलगी दाराआडून डोकावते आहे, अनवाणी आहे, आणि तिला उत्तर नकोच आहे, हे कळायचं.

एके दिवशी बाणातल्या बाई दुकानात आल्या. घरी टेपरेकॉर्डर आणला होता म्हणे.

"बाळू, 'कोण गं आलं अंगणी' आहे का रे तुझ्याकडे?"

मला गुदगुल्या झाल्या. जन्मात पहिल्यांदा बाईंना दुरुस्त करायची संधी चालून आली होती. मी काउंटरवर दोन्ही हात टेकून, गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "बाई, चुकताय. ते 'कोण' नाही, 'कोन' आहे. 'कोन गं आलं अंगनी'."

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"चुकीचं मी आधी म्हटलं होतं," त्या शांतपणे म्हणाल्या. "आता बरोबर म्हणतेय."

मला उमगायला जरा वेळ लागला. रेकॉर्ड फिरत होती, बाई समोर उभ्या होत्या, आणि मी एकदा तिच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होतो.

त्यांचं माहेर नगरच्या पलीकडचं. वडील खेड्यातल्या चर्चमध्ये पेटी वाजवायचे आणि ही सलोमी नावाची पोर रविवारी पेटीला टेकून गायची. कुणीतरी तिला मुंबईला नेलं. रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीनं सलोमीची शालन केली. रेकॉर्डच्या एका बाजूला बडं, वजनदार गाणं होतं. मागची बाजू रिकामी जाऊ नये म्हणून हे चिमुकलं गाणं हिला दिलं. कवीनं सगळे 'ण' व्यवस्थित लिहिले होते. हिनं ते घरच्यासारखे म्हटले. संगीतकारानं डोकं धरलं, पण वेळ संपत आली होती. "जाऊ द्या," तो म्हणाला, "मागची बाजू कोण ऐकतंय?"

मागचीच बाजू ऐकली सगळ्यांनी. जत्रेतल्या कर्ण्यांवर, हॉटेलांत, लग्नाच्या बँडवर नुसतं 'कोन गं'. पुढची बाजू कोणती होती ते खुद्द बाईंनाही आठवत नव्हतं.

"मग बाई? पुढं?"

"पुढं मला सुधारलं."

कंपनीनं शुद्ध बोलायला शिकवणारे पुण्याचे एक मास्तर लावले. ते तिच्या जिभेच्या शेंड्यावर चिंचोका ठेवायचे आणि तो टाळूला लावून 'ण' म्हणायला सांगायचे. चिंचोके गिळत, ठसके खात तिनं 'ण' मिळवला. दुसरी रेकॉर्ड निघाली. ती मास्तरांना आवडली, बाजाराला नाही. तिसरी इतकी शुद्ध होती, की ती फक्त मास्तरांनीच विकत घेतली असावी. चौथीला कुणी बोलावलंच नाही. सलोमी परत आली, ट्रेनिंग करून मास्तरीण झाली आणि बदली होऊन पारनेरला आली.

"ण आला आणि गाणं गेलं," असं त्या म्हणायच्या. तक्रारीच्या सुरात नाही. बस चुकल्याचं सांगावं तसं.

त्यानंतर त्या बऱ्याचदा दुकानात यायच्या, स्टुलावर बसायच्या, डोळे मिटून ऐकायच्या. गाणं संपलं की म्हणायच्या, "चांगली म्हणते रे पोरगी."

एका श्रावणात पुण्याहून एक कॅसेटवाले साहेब आले. जुनी गाजलेली गाणी मूळ गायिकांकडून पुन्हा गाऊन घ्यायची, दिवाळीच्या आत कॅसेट काढायची, असा त्यांचा बेत होता. माझ्याच ओळखीनं ते बाईंच्या घरी गेले. बाईंनी केसांवरून हात फिरवला, पदर सावरला आणि गायल्या. आवाज थोडा खाली गेला होता, उन्हाळ्यात विहिरीचं पाणी उतरतं तसा. पण होता गोडच. साहेबांनी कडव्यापर्यंतही थांबू दिलं नाही.

"बाई, 'कोण' नको. तो 'न' हाच तर या गाण्याचा प्राण आहे."

"तुमच्याच गावच्या मास्तरांनी काढून घेतला तो माझ्याकडून," बाई म्हणाल्या.

साहेब हसले. मग पुन्हा, आणि पुन्हा. दर वेळी बाईंची जीभ ऐन जागी मागे वळायची. शेवटी साहेब उठले. "महिन्या-दीड महिन्यानं परत येतो. नाही जमलं तर काळजी करू नका. आमच्याकडे एक मुलगी आहे, ती गावाकडचं अगदी हुबेहूब म्हणते."

ते गेल्यावर बाईंनी दार लोटून घेतलं. "माझं गाणं आहे रे ते, बाळू," त्या म्हणाल्या. "चुकीचं असलं तरी माझं आहे."

मग आम्ही बाईंना अशुद्ध करायला घेतलं. हौसाबाई नावाची दूधवाली रोज दुपारी त्यांच्याकडे रतीब घालायची. तिला मी गुरू नेमलं. ती पदर खोचून बाईंच्या समोर बसली.

"बाई, लई सोपं हाय. जिभंला काय बी करू नका. पडू द्या तशीच. म्हना, पानी."

"पाणी."

"पानी वो! नळाचं पानी!"

"पाणी."

"आता गं बया! तुमच्या जिभंत हाडूक हाय व्हय?"

"हौसा, दुधात किती घालतेस ते म्हण बघू आधी."

"पानी? न्हाई वो बाई, देवाशप्पत न्हाई!"

"बघ, तुला कसं पटकन येतं," बाई म्हणाल्या, आणि शिकवणी तिथंच संपली.

दिवस जात होते. बाई हसत होत्या, पण स्टुलावर बसायला येईनाशा झाल्या. एकदा दुपारी मी त्यांच्याकडे गेलो, तर दार लोटलेलं. आत बाई सुपात बाजरी निवडत बसल्या होत्या, दाराकडे पाठ. आणि गुणगुणत होत्या. मी उंबऱ्यातच थबकलो. 'कोन गं आलं अंगनी...' खणखणीत 'न'! माझी चप्पल वाजली. बाईंनी वळून पाहिलं आणि पुढच्याच ओळीला 'रांजणी' झालं.

म्हणजे 'न' गेला नव्हता. बाईंचं लक्ष नसलं की तो बाहेर येत होता, घरातली माणसं झोपल्यावर मांजर यावं तसा.

दुसऱ्या दिवशी मी माझा टेपरेकॉर्डर घेऊन गेलो. "बाई, दुकानात जागा नाही, जरा ठेवतो," असं काहीतरी बोललो, तो खिडकीत ठेवला, बटन दाबलं आणि वर वर्तमानपत्राचा कागद टाकला. काय तो माझा अभिनय! जाताना मी शीळही घातली. मग घराला वळसा घालून खिडकीखालच्या लिंबाला टेकून बसलो.

त्या दुपारचं काय सांगू? ऊन पिवळं, जुन्या तुपासारखं झालेलं. लिंबाची पानं हलत नव्हती. आतून सुपाचा आवाज येत होता, सळ्ळ सळ्ळ, नव्या बाजरीचा, आणि त्या तालावर हळूच एक आवाज उठला. म्हातारा नव्हता तो आणि कोवळाही नव्हता. चर्चमधल्या पेटीला टेकलेली पोर आणि चष्मा लावलेली बाई एकाच सुपाशी बसल्या होत्या आणि एकीच्या तोंडून दुसरी गात होती. 'कोन गं आलं अंगनी...' मी लहान असताना कुणीतरी मला थोपटत होतं, ते थोपटणं पाठीवर आलं. भर दुपारी रांजणात चांदणं भरत गेलं, काठाला आलं, आणि आता सांडणार, एवढ्यात—

"बाई, दूध!" हौसाबाईची किटली खणखणली.

मी टेप दुकानात आणून बाईंना ऐकवली. त्या स्टुलावर बसल्या, डोळे मिटले. हौसाची आरोळी आली तेव्हा खुदकन हसल्या.

"कधी घेतलंस हे?"

"काल. दुपारी. बाई, देऊ का पुण्याला?"

"हं," बाई म्हणाल्या. आणि स्टुलावरून उठता उठता, "दे."

पुण्याचे साहेब कानाला हेडफोन लावून ऐकत होते. त्यांनी विचारलं, "ठेका कोणी धरलाय हो? फार सुंदर आहे."

"बाजरीनं," मी म्हणालो.

कॅसेट आली. त्यात बाकीची गाणी नव्या वाद्यांसह होती, बाईंचं तेवढं सुपासह. साहेबांनी हौसाबाईला कापायचा पुष्कळ प्रयत्न केला, पण शेवटचा सूर आणि तिची आरोळी एकमेकांत अडकले होते. म्हणून अजूनही ते गाणं 'बाई, दू—' वर संपतं. शेजारच्या सुपे गावातल्या चहाच्या टपऱ्यांवर, कारखान्यांच्या पाळ्या सुटताना, ते लागायचं. पोरं ठरलेल्या जागी एका सुरात ओरडायची, "बाई, दू!" हौसाबाईनं त्या वर्षी दोन रुपयांनी भाव वाढवला आणि कुणी हूं की चूं केलं नाही.

पुढे बाईंचे गुडघे फारच धरले. नगरची भाची त्यांना न्यायला आली. सारा स्टँड जमला. दत्तू मिशांसकट आला. हौसाबाई खरवसाचा डबा घेऊन आली. बाई परत येणार नाहीत हे त्या दिवशी आम्हाला ठाऊक नव्हतं, त्यांना असावं. त्यांनी खिडकीजवळची जागा घेतली आणि मला बोटानं जवळ बोलावलं.

"बाळू, पुढच्या वेळी कागद मोठा घेत जा."

"कसला कागद, बाई?"

"टेपवर टाकायचा. रेकॉर्डिंगचा लाल दिवा दिसत होता सगळा. तो दिवा मी तुझ्या जन्माच्या आधीपासून बघतेय रे."

मी खिडकीचा गज धरला. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं? मग हौसाबाईपुढं का नाही म्हणालात?"

"चारचौघांत चुकीचं कसं म्हणू? आख्ख्या गावाला 'ण' शिकवलाय मी." त्या खिडकीतून खाली वाकल्या. "कुणी ऐकत नाही असं तू दाखवलंस. मग मीही तसंच धरून चालले."

कंडक्टरनं घंटी ओढली. गाडी हलली. मी दोन पावलं बरोबर धावलो.

"पण बाई, 'न' आला कसा एवढ्या वर्षांनी?"

बाणातल्या बाईंनी इकडेतिकडे पाहिलं. भाची पिशव्या लावण्यात गुंतली होती. मग त्या गजाला ओठ लावून, चर्चमधल्या पेटीला टेकलेल्या त्या पोरीच्या आवाजात म्हणाल्या,

"आला न्हाई रं. आनला."