सव्वासातची नोंद

ऑफिसात त्याला सगळे जोडारी म्हणत. होता तो संगणक विभागातला, पण अठरा वर्षं लोकांचे फोन ऑफिसच्या खात्याला जोडून देण्यातच गेली, म्हणून हे नाव पडलं. नवा माणूस रुजू झाला की पहिल्या दिवशी जोडारीच्या टेबलापाशी येऊन फोन पुढे करायचा. पाच मिनिटांत त्याची मेल, त्याचं कॅलेंडर, सगळ्यांचे नंबर तारेशिवायच फोनात उतरायचे. इकडे संगणकावर नोंद केली की तिकडे खिशात फोन वाजलाच.

जोडताना तो प्रत्येकाला एक प्रवचन द्यायचा. "फोनात काही ठेवू नका. फोनचा काय भरवसा? आज आहे, उद्या बसमध्ये राहील. सगळं ऑफिसच्या खात्यात ठेवा. फोन गेला तर नवा आणा, माझ्याकडे या, दोन मिनिटांत जसंच्या तसं." एका साहेबांचा फोन पोहण्याच्या तलावात गेला होता, तेव्हा दुसऱ्या दिवशी नव्या फोनात सगळं परत आलं, अगदी बायकोच्या वाढदिवसासकट. साहेबांचा संसार आपणच वाचवला, असं जोडारी पुढे कित्येक वर्षं सांगत असे.

त्याचा स्वतःचा संसारही याच टेबलावर जुळला. ती खालच्या मजल्यावर स्वागतकक्षात नवीन लागली होती. तिच्या फोनात प्रत्येक नाव दोनदा उमटायला लागलं आणि ती तणतणत वर आली. दुरुस्तीला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी फोन हातात घेत तिनं विचारलं, "तीन दिवस लागले, की तुम्ही लावले?" वर्षभरात त्यांचं लग्न झालं. मग सतरा वर्षं ती त्याची टर उडवत राहिली. त्याच्या चालण्याची, त्याच्या प्रवचनाची, भाजी चिरताना तो जीभ बाहेर काढतो त्याची. त्याला ते आवडायचं. न आवडून सांगतो कोणाला!

मग तिचं दुखणं निघालं. आठ महिने चाललं. शेवटचे दोन महिने ती खिडकीजवळच्या खाटेवर उशीला टेकून लॅपटॉपवर काहीबाही लिहीत बसायची. रजेवर असली तरी ऑफिसचं खातं चालू होतं. पंधरा वर्षांच्या लेकीसाठी ती पुढच्या तारखांवर नोंदी टाकत होती. कुठली पुढच्या महिन्यात, कुठली चार वर्षांनी, कुठली त्याहूनही पुढे. त्या त्या दिवशी आईचा फोन वाजेल आणि तिचं बोलणं लेकीसमोर येईल.

"बघू तरी काय लिहितेस," तो एकदा म्हणाला.

"तुला काय करायचंय? माझं आणि तिचं आहे ते." मग हसून म्हणाली, "सगळ्या किल्ल्या तुझ्याकडे असतात ना, म्हणून प्रत्येक नोंदीवर खासगीची खूण केलीय. डोकावलास तरी दिसायचं नाही." थोड्या वेळानं तिनं लॅपटॉप मिटला. "हे हरवणार तर नाही ना रे?"

त्यानं प्रवचन दिलं. फोनचा भरवसा नाही, पण ऑफिसच्या खात्यातलं कधी जात नाही. त्याच्या प्रत्येक वाक्यात खोट काढणाऱ्या तिनं या एका बाबतीत डोळे झाकून त्याच्यावर विश्वास ठेवला.

ती गेल्यानंतर बाराव्या दिवशी सकाळी तिचा फोन वाजला. लेक शाळेची तयारी करत होती. पडद्यावर ओळ आली होती: 'डब्याचं झाकण नीट लाव. मागच्या वेळी भूगोलाच्या वहीचं काय झालं ते आठव. आई.' लेक आधी हसली, मग तिथेच जमिनीवर बसून रडली, आणि मग खरोखरच उठून तिनं झाकण घट्ट लावलं. पुढच्या नोंदी तिला तेव्हाच उघडून बघता आल्या असत्या. तिनं नाही बघितल्या. "आई सांगेल तेव्हाच ऐकायचं," असं तिनं बापाला बजावलं. पुढच्या दोन आठवड्यांत आणखी दोन ओळी आल्या. आईचा तो फोन लेकीच्या अभ्यासाच्या टेबलावर कायम चार्जिंगला लावलेला असे.

आता जोडारीच्या कामाची एक रीत सांगायला हवी. ऑफिस सोडून गेलेल्यांची खाती महिन्याच्या शेवटी बंद करायची आणि त्याबरोबर त्यांच्या फोनात उतरलेला ऑफिसचा सगळा मजकूर इथूनच पुसायचा, असा नियम होता. वरून यादी यायची. पूर्वी त्यात नावं असायची. पण गडी हळवा. निवृत्त होणाऱ्याचं नाव दिसलं की याचा हात थबकायचा, कोणी येऊन गयावया केली की हा चार दिवस थांबायचा, आणि मग बोलणी खायचा. म्हणून त्यानंच अर्ज करून सांगितलं होतं की मला नावं नकोत, नुसते कर्मचारी क्रमांक पाठवत जा.

त्या महिन्यात यादीत चार क्रमांक होते. त्यानं चारही निवडले, चहाचा घोट घेतला आणि बटण दाबलं. अर्ध्या ऑफिसचे फोन नंबर त्याला तोंडपाठ होते. बायकोचा कर्मचारी क्रमांक मात्र त्याला ठाऊक नव्हता. ठाऊक असायचं कारणच काय?

दहा मिनिटांनी लेकीचा फोन आला.

"बाबा, आईच्या फोनातलं सगळं गेलं. कॅलेंडर रिकामं दिसतंय. मी काही नाही केलं, बाबा. खरंच. मी हातसुद्धा लावला नव्हता."

त्यानं समोरच्या यादीकडे बघितलं. तिसऱ्या क्रमांकावर टिचकी मारून नाव उघडलं. ऑफिस सोडून गेलेल्यांत बायकोही मोडते, हे त्याच्या मनाला कधी शिवलंच नव्हतं.

"बाबा?"

"तू काही नाही केलंस, बाळा. मी केलं."

पलीकडून फोन बंद झाला.

पुढचे चार दिवस त्यानं जंग जंग पछाडलं. मुख्य कार्यालयाला मेल केल्या, फोन केले, आयुष्यात कधी कोणाला केली नव्हती तेवढी गयावया केली. पाचव्या दिवशी उत्तर आलं. साध्या नोंदी जुन्या प्रतींच्या साठ्यातून काढता आल्या असत्या, पण खासगी खूण केलेल्या नोंदींचा मजकूर जपलाच जात नाही. तारीख आणि वेळ तेवढी शिल्लक राहते. सोबत त्या तारखांची यादी जोडली होती. त्याच्या डोक्यात वारंवार एकच यायचं, की तिनं ती खूण त्याच्यासाठी केली होती.

यादी छापून त्यानं घरी आणली. चार दिवस लेक जेवत होती, विचारलं तर हो-नाही म्हणत होती आणि खोलीचं दार लावून घेत होती. त्यानं कागद तिच्यापुढे ठेवला. तिनं बोट फिरवत एकेक तारीख वाचली. काही ओळखू आल्या. तिचा अठरावा वाढदिवस. शेवटच्या परीक्षेचा दिवस. पण बहुतेक तारखा अशाच होत्या, कुठल्याही. शेवटची वीस वर्षांनंतरची होती.

"पुढची कधी आहे?" चार दिवसांत तिनं पहिल्यांदाच आपणहून काही विचारलं.

"गुरुवारी. सकाळी सव्वासातला."

गुरुवारी काय होतं, हे दोघांनी खूप आठवून पाहिलं. परीक्षा नव्हती, कोणाचा वाढदिवस नव्हता, सुट्टीही नव्हती. साधा शाळेचा दिवस होता.

गुरुवारी सातलाच दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी येऊन बसली. मधे यादी होती. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचं नाही असं दोघांनीही ठरवलेलं होतं आणि दोघंही बघत होती. सव्वासात झाले. बाहेर कोणीतरी गाडी सुरू करत होतं.

"काय लिहिलं असेल?" लेकीनं विचारलं.

सतरा वर्षं तो त्या बाईचं बोलणं ऐकत आला होता. ती काय म्हणेल हे तिनं तोंड उघडायच्या आधी त्याला कळायचं, निदान तो तसं समजायचा.

"सांगा ना, बाबा. काहीही. तुम्ही ओळखत होतात ना तिला?"

त्याला थाप मारता आली असती. कदाचित लेकीनं ती मानलीही असती. पण तिच्या आवाजातलं एक वाक्य काही केल्या त्याला जुळवता येईना, आणि त्याचे डोळे भरून आले.

"मला नाही माहीत गं," तो म्हणाला.

लेकीनं दप्तरातून पेन काढून सव्वासातच्या त्या ओळीवर हळूच रेघ मारली. खाली अजून एकशे एकतीस ओळी होत्या.