हाताच्या उंचीवरची दोरी

बातमी आली तेव्हा मी पूजेला बसलो होतो. फोन दोनदा वाजून थांबला. अभिषेक चालू असता मध्येच उठू नये, या आयुष्यभराच्या नियमाने मी उठलो नाही. नैवेद्य दाखवून बाहेर आलो, तोच हुमनाबादच्या डाळमिलमध्ये चाळणीवर काम करणाऱ्या रत्नाक्कांचा तिसरा फोन आला. "गुरुजी, शिवप्पाअण्णा गेले... मिलमधीच," एवढेच त्या बोलू शकल्या. या गोष्टीला दोन महिने होत आले. लिहायला इतका काळ लागला, कारण जे लिहायचे आहे ते जड आहे.

शिवप्पा माझा विद्यार्थी. चिटगुप्प्याच्या शाळेत मी त्याला संस्कृत शिकवले. शब्दरूपे त्याला कधी धड पाठ झाली नाहीत. पण तास संपल्यावर फळा पुसून खडू डबीत ठेवणारा तो एकटाच असे. पुढे वडिलांची तूरडाळीची मिल त्याच्याकडे आली आणि चाळिशीनंतर त्याला एक ध्यास लागला, तो दुसऱ्यांचे कारखाने पाहण्याचा. वेळ, श्रम, माल यांतले काहीही वाया न घालवता काम कसे करावे, हे पाहण्यासाठी तो कधी पुण्याकडे, कधी हैदराबादकडे जाई. या विद्येला लीन मॅनेजमेंट म्हणतात, हे मला त्याच्याकडूनच कळले. परत आला की वही घेऊन तो माझ्याकडे येई. कुठे भिंतीवर प्रत्येक पान्ह्याची आकृती रंगवलेली, म्हणजे हरवलेला पान्हा लगेच ध्यानात येतो. कुठे पोती ठेवण्यासाठी जमिनीवर पिवळ्या रेषा. एकदा माझ्या देवघराकडे पाहून तो हसत सुटला. "पळी, पंचपात्र, घंटा, समदं जागच्या जागी! गुरुजी, मग म्या पुण्यापतोर कामून गेलतो?"

पुण्याकडच्याच एका कारखान्यात त्याने ती दोरी पाहिली. यंत्रांच्या बाजूने गेलेली. कामात दोष दिसला की कोणीही ओढावी आणि सारे काम थांबावे. शिवप्पाने तशीच दोरी मिलमध्ये बांधली. कित्येक आठवडे तिला कोणी हात लावला नाही. ज्या यंत्राला आपण दसऱ्याला हळदकुंकू वाहतो, ते मालकाचे चालते यंत्र आपल्या हाताने बंद पाडायचे, हे तिथल्या कोणाच्या मनाला पटेना. उलट एके सकाळी दोरीलाच कुंकू लागले, मग हार चढला. कामावर येणारा प्रत्येक जण तिला नमस्कार करून आत जाऊ लागला. "म्या दोरी आणली, गुरुजी, ह्यांनी तिचा देव केला," तो कपाळाला हात लावून म्हणाला.

मग तो मला सोबत घेऊन पुन्हा त्याच कारखान्यात गेला. आम्ही उभे असतानाच एका मुलीने दोरी ओढली. तिचा वरिष्ठ धावत आला. आता तिला बोलणी बसणार, असे मला वाटले. त्याने आधी तिचे आभार मानले, आणि मग काय झाले ते विचारले. परतीच्या वाटेवर शिवप्पा म्हणाला, "मागच्या बारीला निस्ती दोरी बघून आलो, गुरुजी. माणूस बघायचा राहिला." परत येताच त्याने मिलमध्ये साऱ्यांना सांगितले, की दोरी ओढणाऱ्यावर कोणी रागावणार नाही. पुढच्याच आठवड्यात रत्नाक्कांना चाळणीत लोखंडाचा तुकडा दिसला आणि त्यांनी भीतभीत दोरी ओढली. "अण्णा, मशीन थांबली की ओ!" शिवप्पाने साऱ्यांसमोर त्यांना हात जोडले. "थांबू द्या, अक्का. लोकाचे दात वाचविलाव तुमी."

परंतु त्या परतीच्या वाटेवर आणखी एक गोष्ट घडली होती. ढाब्याच्या तीन पायऱ्या चढताना शिवप्पा खांबाला धरून थांबला. छातीवर हात, अंगाला घाम... "घरी बोलू नका, गुरुजी. महादेवी उगंच घोर करती. मिलचं बस्तान बसलं की दाखवतो डाक्टरला." मी शब्द दिला. दिलेला शब्द पाळावा, हेच मी आयुष्यभर शिकवत आलो. त्यानंतरही दोनदा मी त्याला डावा दंड दाबत पोत्यांवर बसलेला पाहिले, आणि मौन राखले. त्या मौनाला मी धैर्य समजत होतो.

त्यांच्या रीतीप्रमाणे त्याला समाधीत बसवून माती दिली त्या दिवशी त्याच्या बायकोकडे, महादेवीकडे, पाहण्याचा धीर मला झाला नाही. गेल्या आठवड्यात मात्र मिलमध्ये गेलो. आता त्याच्या खुर्चीवर ती बसते. मी काही न लपवता सारे सांगितले. चाळणीचा आवाज चालू होता.

"किती दिस ठावं व्हतं तुमाला?"

"चार महिने."

तिने दोरीकडे पाहिले. "दोष दाखविणाऱ्यावर रागवायचं न्हाई, त्याला हात जोडायचे, हा त्यांचा नेम. उशिरा का हुईना, तुमी सांगितलाव... पर आज माझ्यानं हात जोडवंनात, गुरुजी."

"जोडू नकोस, बाळ," मी म्हणालो.

बाहेर पडताना मी दोरीपाशी थांबलो. कुंकवाचा जुना डाग अजून तिच्यावर आहे. आधी ती फार उंच होती. ठेंगण्या बायकांचा, वाकलेल्या म्हाताऱ्यांचाही हात पोचावा म्हणून शिवप्पाने ती स्वतः खाली आणून बांधली होती. मी हात थोडासा उचलला. तो सहज पोचला.