कर्ता सांगायचा राहिला

वरठा सर गेल्याचं मला शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. ऑगस्टमधली सकाळ होती. बोर्डीहून तलासरीला जाणारी माझी बस सुटायला वीस मिनिटं होती आणि मी ओट्यापाशी डबा भरत होते. जीपने शाळेत जाताना वाटेत त्यांच्या छातीत कळ आली. डोंगरातला रस्ता, सरकारी दवाखाना तिथून पाऊण तासावर. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली होती. मीही ‘विनम्र श्रद्धांजली’ असं टाइप केलं, दोन हात जोडले आणि फोन पालथा ठेवला. पोळीच्या डब्याचं झाकण काही केल्या लागेना. त्यांच्या जुन्या शाळेपासून, म्हणजे जिथे मी आजही शिकवते त्या शाळेपासून, दवाखाना चालत दहा मिनिटांवर आहे. ते जुन्या शाळेत का नव्हते, हे त्या ग्रुपवरच्या माणसांपैकी फक्त मला नीट ठाऊक होतं...

या पुरवणीच्या संपादकांनी ‘तुम्ही त्यांच्यासोबत काम केलंय, दोन शब्द लिहा’ असं सांगितलं, तेव्हा मी आधी नाही म्हटलं. मग चार दिवसांनी मीच फोन करून लिहिते म्हणाले. हे ते दोन शब्द आहेत.

मी २०१४ च्या जूनमध्ये त्या शाळेत लागले. इंग्रजीत एम.ए., सासरची चिकूची वाडी, सासरे संस्थेच्या स्थानिक समितीवर. वरठा सर माझ्याआधी बावीस वर्षं तिथे होते. त्यांच्या पाड्यातले ते पहिले पदवीधर. बी.ए., बी.एड. आठवी-नववीला इंग्रजी शिकवायचे आणि शाळेचे पर्यवेक्षक होते. त्यांच्या उच्चारांवर स्टाफरूममध्ये कधीकधी हशा व्हायचा. ‘व्हेजिटेबल’मधला ‘टेबल’ ते अगदी टेबलासारखाच ठोकून म्हणायचे. हसणाऱ्यांत मी होते.

एकदा माझा तास रिकामा होता म्हणून त्यांच्या आठवीच्या वर्गात मागे जाऊन बसले. ॲक्टिव्ह-पॅसिव्हचा धडा चालला होता. सुनीता नावाची एक बारीकशी मुलगी उठली आणि म्हणाली, “सर, ‘मी आंबा खाल्ला’ हे मराठीच्या बाईंनी कर्मणी सांगितलं. तुम्ही त्याचं इंग्रजी केलं तर ते ॲक्टिव्ह. मग खरं काय?” मी असते तर म्हटलं असतं, दोन विषय वेगळे, दोन्ही वेगवेगळं पाठ कर. सरांनी खडू ठेवला आणि तिच्या बाकाच्या कडेवर बसले.

“आंबा असला तर ‘खाल्ला’, चिंच असली तर ‘खाल्ली’. म्हणजे क्रियापद कोणाचं ऐकतं? खाल्लेल्या वस्तूचं. म्हणून मराठीत कर्मणी. पण खाणारा कुठे गेलाय का? ‘मी’ उभाच आहे की वाक्यात. इंग्रजीच्या पॅसिव्हमध्ये आंबा पुढच्या बाकावर येऊन बसतो आणि खाणारा मागे जातो, ‘बाय’चा हात धरून. आणि ‘बाय’ गाळलं की तो वर्गाबाहेरच.”

“गाळायचं कधी, सर?” कोणीतरी विचारलं.

“कर्ता माहीत नसेल तेव्हा. किंवा सगळ्यांना माहीत असेल तेव्हा. किंवा त्याचं महत्त्व नसेल तेव्हा. ही तीन कारणं पेपरात लिहायची.” मग हसले. “आणि ज्याला आपलं नाव सांगायचं नसतं, तोही गाळतो. हे पेपरात लिहू नका. पण कुठलाही कागद वाचताना ध्यानात ठेवा.”

मग त्यांनी तीच वाक्यं वारलीत करून दाखवली आणि वर्ग खदखदून हसला. मला ती भाषा येत नाही. काय झालं ते मला कळलं नाही, पण पोरांना सगळं कळलं होतं. त्या दिवसापासून व्याकरणाचं काही अडलं की मी त्यांना विचारायला लागले... एकटं गाठून, कोणाच्या देखत नाही.

२०१६ च्या शेवटी दहावीचे बोर्डाचे फॉर्म भरायचे होते. मी वर्गशिक्षिका. मुलांनी भरलेले कागद मी नावं आणि जन्मतारखा तपासायला सरांकडे दिले. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी सगळा गठ्ठा मला परत आणून दिला. वर एक फॉर्म वेगळा ठेवला होता. “सुनीताची जन्मतारीख रजिस्टरशी जुळत नाही, मॅडम. तेवढी बघून घ्या आणि मग क्लार्कला द्या.” आठवीत प्रश्न विचारणारी तीच सुनीता आता दहावीत होती. मी तो फॉर्म लक्षात राहावा म्हणून व्याकरणाच्या पुस्तकात घातला, बाकीचे क्लार्कला दिले. त्या संध्याकाळी डहाणूला पुतणीचा साखरपुडा होता. मी लवकर निघाले. पुस्तक कपाटात राहिलं आणि फॉर्म पुस्तकात.

फेब्रुवारीत हॉल तिकिटं आली, त्यांत सुनीताचं नव्हतं. तिचे वडील बिगारी कामावरचा दिवस मोडून शाळेत आले आणि ऑफिसच्या दारात चपला काढून उभे राहिले. मुख्याध्यापक बोर्डाच्या ऑफिसात जाऊन आले, पण मुदत टळून गेली होती. मी कपाट उघडलं, पुस्तक उघडलं. फॉर्मवरच्या फोटोत तिने रिबिनी बांधल्या होत्या... मी तो फॉर्म पर्समध्ये घालून घरी नेला आणि वाडीत पाचोळा पेटला होता त्यात टाकला. सर जाईपर्यंत हे मी कोणालाही सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही.

संस्थेच्या मुंबईच्या ऑफिसला अहवाल इंग्रजीत हवा होता. मुख्याध्यापक म्हणाले, “राऊत मॅडम, तुमचं इंग्रजी चांगलं, तुम्हीच लिहा.” मी लिहिलं: ‘ऑल द फॉर्म्स वेअर हॅन्डेड ओव्हर टू मिस्टर वरठा फॉर व्हेरिफिकेशन. लेटर, वन फॉर्म वॉज फाउंड मिसिंग.’ दोन्ही वाक्यांत खोटा शब्द एकही नव्हता. फॉर्म सरांकडे दिले होते. एक फॉर्म सापडत नव्हता. मधलं वाक्य मी लिहिलं नाही. वाचणाऱ्याने ते आपल्या मनाने भरलं आणि त्यात सरांचं नाव घातलं.

मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये सर एवढंच म्हणाले, “मी सगळे परत दिले होते.”

“लेखी आहे का काही?”

नव्हतं. बावीस-चोवीस वर्षांत असल्या गोष्टींची पोच त्यांनी कधी कोणाकडून घेतली नव्हती. मी शेजारच्या खुर्चीवर होते. टेबलावरच्या काचेखालचं कॅलेंडर मी पाहत राहिले.

त्यांना मेमो मिळाला, सोबत अहवालाची प्रत. मधल्या सुट्टीत ते स्टाफरूममध्ये आले, माझ्यापुढे ती प्रत ठेवली आणि दुसऱ्या वाक्याच्या शेवटी बोट टेकवलं. आवाज अगदी वर्गातल्यासारखा, समजावणीचा. “मॅडम, इथं ‘बाय’ राहिलं का?”

मी म्हणाले, “तिथे त्याची गरज नसते, सर.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. चांगली तयारी केलेला विद्यार्थी सोपं गणित चुकल्यावर शिक्षक पाहतो, तसं पाहिलं. कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि घंटा झाली म्हणून नववीच्या वर्गावर गेले. जूनमध्ये पर्यवेक्षकपद गेलं आणि त्यांची बदली संस्थेच्या डोंगराकडच्या शाळेत झाली. निरोप समारंभात मी छान बोलले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर आमची भेट एकदाच झाली. २०१९ च्या सुरुवातीला डहाणूला इंग्रजीच्या शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. त्या दिवसांत आमच्याकडे भूकंपाचे धक्के सुरू होते, लोक घराबाहेर झोपत होते. दुपारच्या सत्रात जमीन हलली, खिडक्यांची तावदानं वाजली आणि आम्ही सगळे मैदानात धावलो. मागे वळले तर शेजारी वरठा सर. केस पुष्कळ पांढरे झालेले. मला वाटलं, आत्ता सांगावं. तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात तेच म्हणाले, “मॅडम, मुलगी कितवीत आता? तिला फोन करून घ्या. घाबरली असेल.” मी फोन करायला बाजूला गेले. मुलीशी बोलणं दोन मिनिटांत झालं, पण फोन मी कानाला तसाच धरून ठेवला. ते आत गेल्यावर काढला.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते गेले, आणि मग मी संस्थेला पत्र लिहिलं. मराठीत, साध्या वाक्यांत. फॉर्म मी विसरले, मी जाळला, अहवाल मी लिहिला, वरठा सरांचा काही दोष नव्हता. दहा दिवसांनी दोन ओळींचं उत्तर आलं. ‘आपले पत्र प्राप्त झाले. सदर प्रकरण यापूर्वीच निकाली काढण्यात आले असल्याने पुढील कार्यवाहीची आवश्यकता नाही.’ कोणी काढलं, ते त्यात नव्हतं.

मग एका रविवारी मी त्यांच्या पाड्यावर गेले. सरांच्या पत्नी अंगणात भांडी घासत होत्या. मला ओळखून त्या उठल्या, पाणी दिलं. मी उभ्यानेच सगळं सांगून टाकलं. त्या हात पदराला पुसत म्हणाल्या, “सकाळी सहाला निघायचे. दोन जीपा बदलून. पावसात कधी जीप नसली तर चालत. दोन वर्षं.” मग माझ्या हातातला पेला घेत, “मी विचारलं होतं, कोणी केलं हे? म्हणाले, कागदावर नाव नाय, मग मी कशाला घेऊ.”

मी रडायला लागले तेव्हा त्या जराशा कडक आवाजात म्हणाल्या, “मला काय सांगता, बाई? जिचं वरीस गेलं तिला सांगा. ती हाय ओटीवर.”

सरांच्या ओटीवर दर रविवारी पाड्यातल्या पोरांचा इंग्रजीचा तास असतो, हे मला माहीत नव्हतं. सर गेल्यावरही तो बंद पडला नव्हता. शिकवत होती सुनीता. वाया गेलेल्या वर्षी सरांनीच तिला इथे बोलावून शिकवलं होतं, पुढच्या वर्षी तिचा फॉर्म स्वतः बोर्डाच्या ऑफिसात नेऊन दिला होता. आता ती बारावीत आहे. मला पाहून ती लगबगीने खाली आली. “मॅडम! तुम्ही?”

मी म्हणाले, “सुनीता, तुझा फॉर्म मी हरवला होता. सरांनी नाही.”

तिला आधी कळलंच नाही. मग कळत गेलं तसा तिचा चेहरा बदलत गेला. मला वाटलं ती ओरडेल. तिने ओरडायला हवं होतं. ती अगदी हळू म्हणाली, “मला वाटायचं, सरांच्या हातून गेला. म्हणून भरपाई करायला शिकवतात. मी त्यांना कधी थँक्यू म्हटलं नाही, मॅडम. पास झाले तेव्हा अख्ख्या पाड्यात पेढे वाटले... या घरावरून पुढे गेले.”

ती ओटीवर परत गेली. तिने मला जा म्हटलं नाही, बसा असंही म्हटलं नाही. पोरं शेणाने सारवलेल्या जमिनीवर गुडघ्याला गुडघा लावून बसली होती. भिंतीशी सरांची निळी प्लास्टिकची खुर्ची होती, एक पाय तारेने बांधलेला. एवढ्या दाटीतही तिच्याभोवती हातभर जागा सगळ्यांनी मोकळी सोडली होती. सुनीता खुर्चीशेजारी उभं राहून वाक्यं सांगत होती आणि पोरं लिहून घेत होती. तास संपेपर्यंत मी अंगणात उभी राहिले.