चार चाकं आणि सोडलेला चहा

इकडे परदेशात, हेन्डरसन उपनगरातल्या आमच्या घरी पाहुणे आले की हे आधी त्यांना गॅरेजमध्ये नेतात आणि इकडे माझे पोहे गार होतात. त्या गाडीच्या एकेका भागाला एकेक किस्सा चिकटलाय, चाकांना तर सगळ्यात जास्त! आता इतके साठलेत की लोक मला मधेच थांबवून फर्माईश करतात, "वहिनी, तो बाथटबचा सांगा!" सगळे सांगते, पण क्रमाने.

* * *

ह्यांनी "गाडी येतेय" म्हणून ऑफिसातून फोन केला, तेव्हा मी औक्षणाचं ताट घेऊन दारात उभी राहिले. ट्रक आला. त्यातून एक लोखंडी सांगाडा उतरला, फायबरचं लाल अंग उतरलं आणि मग नुसते खोके, खोके आणि खोके!

"अहो, गाडी कुठाय?"

"हीच गाडी! किट कार. घरी जोडायची असते."

"आणि चाकं?"

"ती ह्यात येत नाहीत. आपण निवडायची!"

हे इतक्या आनंदाने म्हणाले, की मी मुकाट्याने खोक्यांनाच ओवाळलं.

कॉलेजात असल्यापासून ह्यांना आपल्या हातची गाडी हवी होती. अशी घरी जोडलेली गाडी इथे रस्त्यावर आणायची तर एका खास इन्स्पेक्टरने ती पास करावी लागते. म्हणून त्याच संध्याकाळी मी देवापुढे नेम धरला : गाडी पास होईपर्यंत चहा बंद.

दिवसाला पाच कप पिणारी मी. हे हबकलेच. "अगं, गाडी माझी, चहा तू कशाला सोडतेस?"

"मग तुम्ही सोडा."

"छे! मला काम करायचंय!"

* * *

चाकांची निवड सुरू झाली तेव्हा मिलिंद भावजी दर शनिवारी यायला लागले. हे ह्यांचे पुण्यापासूनचे मित्र, आयटीतले. त्यांनी वेगवेगळ्या चाकांचे फोटो प्रिंट करून माझ्या फ्रिजवर लावले. खाली व्यास, रुंदी, नटांची संख्या. चाकाला हे दोघे 'ती रिम' म्हणायचे. मी दूध काढायला गेले की डोळ्यांसमोर चाकं!

एका शनिवारी माझी बहीण पुण्याहून व्हिडिओ कॉलवर होती. मागून ह्यांचा आवाज आला, "दिसायला फारच सुंदर आहे रे, पण रुंद आहे. आपल्याकडे मावायची नाही."

भावजी म्हणाले, "थोडी जुनी चालेल का? एकाच मालकाकडे होती."

पडद्यावर बहिणीने तोंडावर हात ठेवला. "ताई, तुझ्या घरात हे काय चाललंय गं?"

मी फोन फिरवून तिला फ्रिज दाखवला. तर म्हणते, "डावीकडची घ्या. नाजूक आहे."

* * *

मग जुने टायर बघायला आम्ही न्यू लिनला एका माणसाकडे गेलो. त्याने टायर थोपटून सांगितलं, "हीप्स ऑफ ट्रेड लेफ्ट!" म्हणजे अजून झिजलेला नाही. हे आणि भावजी बोटं घालून खाचा मोजायला लागले. दोघांचे चेहरे फुललेले.

मला इंडियन स्टोअरमधली सवय. साबुदाणा असो नाहीतर हिंग, पुडी उलटीपालटी करून तारीख वाचल्याशिवाय मी पिशवीत टाकत नाही. मी विचारलं, "अहो, ह्याच्यावर तारीख नसते का?"

दोघे इंजिनिअर एकमेकांकडे बघायला लागले! असते. टायरच्या अंगावर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. भावजींनी धूळ पुसून वाचले आणि मटकन खाली बसले.

टायर आमच्या लेकीपेक्षा, रेवापेक्षा दोन वर्षांनी मोठा होता! आणि रेवा आता कॉलेजात जाते.

दुकानदार मला म्हणाला, "मॅडम, तुम्ही ह्या धंद्यातल्या का?"

"नाही," मी म्हटलं, "मी साबुदाण्यातली."

* * *

तर बाथटब. एकादशी होती. मी जपाला बसले होते, तेवढ्यात रेवा धावत आली. "मम! डॅड इज गिव्हिंग अ टायर अ बाथ!"

मी जाऊन बघते तर हे टबाशी गुडघ्यावर बसलेले आणि पाण्यात दुसरीकडून आणलेलं जुनं टायर लावलेलं चाक, ते काळं धूड! कुठून हवा जातेय ते बुडबुड्यांवरून शोधत होते म्हणे.

"अहो, साबण कुठला घेतलात?"

"तो काय, कपाटात होता. छान फेस येतो."

सासूबाईंनी पुण्याहून पाठवलेला, नरकचतुर्दशीसाठी जपून ठेवलेला चंदनाचा साबण! त्या दिवाळीला अभ्यंगस्नान फक्त टायरचं झालं.

* * *

अखेर सतरा इंची रुंद, चकचकीत चाकं आणि नवे कोरे टायर लागले. इन्स्पेक्टर आले. रॉस त्यांचं नाव. मितभाषी, हातात टॉर्च. भावजी आधीच कानात म्हणाले होते, "वहिनी, हा फार कडक आहे. ह्याच्याकडे 'चालतंय की' चालत नाही."

रॉसनी ह्यांना आणि भावजींना गाडीत बसवलं, स्टिअरिंग शेवटपर्यंत फिरवायला सांगितलं आणि पुढचा कोपरा दाबला. खर्रर्र! टायर मडगार्डला घासत होता.

"सॉरी मेट. नो."

एवढंच बोलून ते गेले.

हे त्या दिवशी जेवले नाहीत. गॅरेजच्या पायरीवर बसून म्हणाले, "विकून टाकतो. चौदा महिने झाले. तू उद्यापासून चहा घे. ही गाडी काही व्हायची नाही."

इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांच्या तोंडून "व्हायची नाही" मी पहिल्यांदाच ऐकलं. टायर टबात बघून बसला नव्हता एवढा धक्का मला बसला.

मी म्हटलं, "चहा तुमच्या सांगण्यावरून सोडला नव्हता. घेणारही नाही."

* * *

श्रावणातला शुक्रवार होता. मी आरतीच्या दिव्यांसाठी कणीक भिजवली होती, चांगली घट्ट. विकतो म्हणालेले हे हिरमुसल्या चेहऱ्याने पुन्हा गाडीभोवतीच फिरत होते. किती घासतंय ते दिसेना, आत मोजपट्टी जाईना.

"अहो, कणीक लावून बघा ना. जिथे दबेल तिथे घासतंय. जेवढी उरेल तेवढी जागा."

ह्यांनी परातच उचलून गॅरेजमध्ये नेली. मग पुढचे दोन तास मडगार्डच्या आत कणकेचे गोळे, सीटवर वजनाला आट्याची पोती आणि भावजी, आणि स्टिअरिंगवर मी! काढलेले गोळे ह्यांनी सुरीने कापून जाडी मोजली.

भावजी एक गोळा उजेडात धरून म्हणाले, "बघ, फुलक्याएवढीसुद्धा जागा नाही. आपल्याला भाकरीएवढी हवी!"

मग सतरा इंची चाकं गेली. पंधरा इंची आली, साधी, अरुंद. फ्रिजवरची डावीकडची! बहिणीला कळवलं, तर म्हणाली, "मी सांगितलं होतं."

* * *

रॉसची पुढची वेळ मिळाली ती नेमकी हरतालिकेच्या दिवशी. पहाटे वाळूची पिंड करून पूजा केली आणि चाकांवर चार फुलं ठेवली.

पुन्हा तेच. दोघे आत, स्टिअरिंग शेवटपर्यंत, कोपरा दाबला. काही वाजलं नाही. रॉसनी मडगार्डच्या आत हात घातला आणि काहीतरी वाळकं, टणक बाहेर काढलं. ह्यांचा चेहरा पांढरा पडला.

"हे काय आहे?"

"चपाती डो," रेवा म्हणाली.

कणकेची गोष्ट ऐकून रॉसनी तो तुकडा उलटसुलट करून पाहिला. "आयडिया कुणाची?"

तिघांनी माझ्याकडे बोट केलं. रॉसनी तो तुकडा खिशात टाकला आणि कागदावर सही केली. पास!

मी परसातल्या झाडाची चार लिंबं आणून चार चाकांखाली ठेवली आणि धीर करून विचारलं, "लिंबू चिरडलेलं चालतं ना सर्टिफिकेटला?" रॉस म्हणाले, "लिंबाबद्दल नियम नाही." हे गाडीत बसले आणि चारही लिंबं आमच्या ड्राइव्हवेवर फुटली. भावजींनी शिट्टी वाजवली. मी रडत होते.

तेवढ्यात हे उडी मारून आत गेले ते ट्रे घेऊनच आले. आलं, वेलची घालून स्वतः केलेला चहा! लग्नानंतर पहिल्यांदा! सगळ्यांदेखत कप माझ्यापुढे धरला. "घे. पास झाली."

वास आला. मी डोळे मिटले. मग कप दोन्ही हातांनी घेतला आणि रॉसच्या हातात दिला.

"हिने सोळा महिने चहा घेतला नाही," हे रॉसना सांगत होते, "गाडी पास होईपर्यंत..."

"मग आता झाली ना पास?"

ह्यांनी कपाळावर हात मारला. "आज हरतालिका. आज पाणीसुद्धा नाही. उद्या सकाळी."

रॉसनी चहाकडे पाहिलं, लिंबांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि टॉर्च बंद करत म्हणाले, "आणि लोक मला कडक म्हणतात!"