लाकूड बघायचा अर्धा तास

आमच्या वहिनीला ऑफिसात सगळे 'ठिणगी' म्हणतात. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नाही, पण ती फोन आपटते तेव्हा तिसऱ्या टेबलावरचा माणूससुद्धा मान खाली घालतो. मी कंपनीच्या गाडीवर ड्रायव्हर आणि वर तिचा दीर, त्यामुळे मला ऑफिसातही ऐकून घ्यावं लागतं आणि घरीही. तरी सांगतो, त्या ऑफिसात डोकं ठिकाणावर असलेलं एकच माणूस होतं आणि ते सदा चिडलेलं होतं.

आमची कंपनी सुतारांसाठी विजेवर चालणारी हत्यारं विकते. सुतार माणूस चित्र बघून मशीन घेत नाही. त्याला ते आपल्या वर्कशॉपमध्ये, आपल्या बोर्डावर लावलेलं, आपल्या डोळ्यांसमोर चाललेलं बघायचं असतं. म्हणून आम्ही गाडीत मशिनं भरून दारोदार फिरतो. मी गाडी चालवतो, टेबलं उतरवतो. मशीन चालवून दाखवायचा तो माझा दादा. त्याने आधी वीस वर्षं स्वतः सुतारकाम केलेलं, त्यामुळे त्याचे हात बघूनच निम्मे लोक गप्प व्हायचे. आणि कुठल्या दिवशी, किती वाजता, कुणाच्या दारात आम्ही उभं राहायचं, हे वहिनी ठरवते.

लोकांना वाटतं, यात काय, तारखा तर टाकायच्या. बसून बघा एक दिवस तिच्या खुर्चीवर. प्रत्येक वर्कशॉपला ती फोन करते आणि आठ प्रश्न विचारते. छप्पर आहे का? जमीन सपाट आहे, की टेबलाखाली फळकूट सारावं लागेल? बोर्ड किती लांब, वायर केवढी जाड? दुपारी व्होल्टेज पडतं का? गाडी दारापर्यंत येते का? माणसं किती येणार, त्या दिवशी कुणाचं मोठं काम द्यायचं तर नाही ना? एकदा एक मिस्त्री वैतागून म्हणाला, "बाई, तुम्ही डेमो द्यायला येताय की घर विकत घ्यायला?"

"घर घ्यायचं असतं तर तुमचं घेतलं नसतं," वहिनी म्हणाली. "वायरचं सांगा."

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. लाकूड कुणाचं? नवं की जुनं?

सुतारांची एक खोड आहे. आम्ही नेलेली गुळगुळीत नवी फळी त्यांना चालत नाही. "हे तर लोणी आहे, आमचं कापून दाखवा," असं म्हणत ते कोपऱ्यातून असेल नसेल ते वाईट लाकूड ओढून आणतात. गाठींनी भरलेलं, पीळ पडलेलं, नाहीतर कुठल्या पाडलेल्या घराची तुळई. मनात काही वाईट नसतं. मशीन अडलं की त्यांना दिवसभर हसायला मिळतं, एवढंच. दादानेही त्याच्या काळात हेच उद्योग केलेले. पण जुन्या तुळईत खिळे असतात. डोकी तुटलेले, गंजून आत गेलेले, वरून काहीही न दिसणारे. फिरतं पातं अशा खिळ्यावर गेलं की लाकूड उलटं फेकलं जातं, आणि समोर उभ्या असलेल्या माणसाचं काय होईल ते सांगता येत नाही.

म्हणून वहिनीच्या वेळापत्रकात प्रत्येक डेमोच्या आधी अर्धा तास राखून ठेवलेला असे. पुढे लिहिलेलं असे, 'लाकूड बघणं'. त्या अर्ध्या तासात दादा लाकडावरून इंच इंच लोहचुंबक फिरवायचा, संशय आला तिथे चाकूने खरवडायचा, खिळे उपटायचा. बघे कंटाळायचे. कुणीतरी ओरडायचं, "डॉक्टर, पेशंट जिवंत आहे का?" दादा हसायचा आणि चुंबक फिरवत राहायचा.

मग नवीन साहेब आले. या माणसाने जन्मात कधी स्क्रू पिळला नसावा. आल्या आल्या त्यांनी वहिनीचं सगळं वेळापत्रक कॉम्प्युटरवर रंगीत चौकोनांत भरलं. अर्ध्या तासांचे चौकोन करडे दिसायला लागले, आणि साहेबांच्या डोळ्यांत नेमके तेच सलले.

"या वेळात आपण काय विकतो?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. या वेळात माझ्या नवऱ्याचे हात शाबूत राहतात," वहिनी म्हणाली.

साहेब हसले. ते हसू मला आजही आठवतं आणि आजही डोक्यात तिडीक जाते. म्हणाले, "घरचा माणूस आहे म्हणून तुम्ही भावनिक होताय." पुढच्या महिन्यापासून करडे चौकोन गेले, दिवसाला एकाऐवजी दोन डेमो झाले, आणि फोन करून प्रश्न विचारायचे नाहीत असं ठरलं. वर्कशॉपवाल्यांनी स्वतः एक फॉर्म भरायचा. त्या फॉर्मवर लाकडाचं नावसुद्धा नव्हतं.

वहिनीने तीनदा लेखी कळवलं. उत्तर आलं नाही. मग तिने आपला मार्ग काढला. अर्धा तास तिच्या हातात नव्हता, पण तोंड तिचंच होतं. जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून ती एकेका वर्कशॉपला फोन करायची आणि आठही प्रश्न विचारायची. माझ्या गाडीत काचेखाली चिकटवायला वेळापत्रकाचा छापील कागद मिळतो, त्यावर प्रत्येक ओळीसमोर पेन्सिलीने खूण करायची. लाकूड जुनं असलं तर खुणेभोवती गोल. गोल दिसला की आम्ही अर्धा तास लवकर निघायचो आणि दादा बघून घ्यायचा. असं दोन महिने चाललं.

एका दुपारी शेवटच्या वर्कशॉपला फोन लावताना साहेबांनी तिला पकडलं आणि सगळ्या ऑफिससमोर झापलं. "जुनी सवय सुटत नाही तुमची. मी सांगितलेलं कळत नाही, की कळून घ्यायचं नाही?" मी कागद घ्यायला तिथेच उभा होतो. वहिनीने तो माझ्या हातात कोंबला. घरी येऊन ताटं मांडताना म्हणाली, "नाही ना विचारायचं? नाही विचारत. जाऊ दे खड्ड्यात."

"अगं, मी बघून घेईन," दादा म्हणाला. त्याचं प्रत्येक गोष्टीला हेच उत्तर.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, आमचे दोन डेमो होते. पहिला लांबला, दुसऱ्या ठिकाणी पोचायला पाऊण तास उशीर झाला. चाळीस माणसं हाताची घडी घालून उभी. टेबलाशेजारी एक काळपट तुळई आणून ठेवलेली. दादाने चुंबक काढलं, तेवढ्यात साहेबांचा फोन, सुरू झालं का म्हणून. दादाने घाईघाईने एक हात फिरवला आणि म्हणाला, "झालंच."

मी गाडीचं दार लावत होतो. लाकडात चालणाऱ्या पात्याचा आवाज एकसारखा असतो. तो मध्येच किंचाळला आणि लगेच दादा ओरडला. लाकडाचा तुकडा उलटा येऊन त्याच्या डाव्या मनगटावर बसला होता. मी धावलो तेव्हा तो हात पोटाशी धरून भुशात बसलेला, आणि तिथला म्हातारा मिस्त्री डोक्याला हात लावून पुन्हा पुन्हा म्हणत होता, "आम्हाला कुणी विचारलंच नाही हो! विचारलं असतं तर सांगितलं असतं. दाराच्या चौकटीवरची तुळई ती, खिळ्यांनी भरलेली आहे."

हॉस्पिटलबाहेर गाडी लावून मी काचेखालचा कागद बघितला. सगळ्या ओळींसमोर पेन्सिलीच्या खुणा होत्या. गुरुवारची दुसरी ओळ तेवढी कोरी होती. मी कागद घडी करून खिशात घातला आणि मूग गिळून बसलो. कुणाला सांगणार? बाहेर बाकावर बसलेल्या वहिनीला?

मनगटाचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. आत धातूची पट्टी टाकली, स्क्रू बसवले. बोटं हलतात, पण पकड गेली ती गेलीच. ज्या हाताने तो फळीची जाडी सांगायचा, त्या हाताने त्याला शर्टाचं बटण धरता येईना.

दहा दिवसांनी चौकशी लागली. मुख्य ऑफिसातून एक बाई आल्या होत्या. साहेबांनी त्यांच्यापुढे वेळापत्रक ठेवलं, आणि मी चाटच पडलो. गुरुवारच्या दुसऱ्या डेमोआधी करडा चौकोन होता! 'लाकूड बघणं', अर्धा तास. साहेब शांतपणे म्हणाले, "वेळ दिलेला होता. डेमो देणाऱ्याने वापरला नाही. निष्काळजीपणा आहे." म्हणजे हात गेला तो गेला, आता नोकरीही जाणार, आणि वर दोष दादाच्याच कपाळी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दादा गळ्यात अडकवलेल्या हाताकडे बघत होता. खोटं सिद्ध करणारा कागद माझ्या खिशात होता आणि तो काढायला माझा हात धजत नव्हता.

"भावोजी," वहिनी म्हणाली, "गाडीतला कागद द्या."

"वहिनी, त्यावर..."

"त्यावर काय आहे ते मला माहीत आहे. द्या."

तिने कागद टेबलावर पसरला, तळव्याने घड्या मोडल्या. कोपऱ्यात छापल्याची तारीख आणि वेळ होती, अपघाताच्या आदल्या दिवसाची. अर्धा तास कुठेही नव्हता. बाई कागद बघत राहिल्या, मग त्यांनी साहेबांकडे बघितलं. साहेबांचा चेहरा खर्रकन उतरला. वहिनी तेवढ्यावर थांबली असती तर चाललं असतं. कुणी विचारलंही नसतं.

"अजून एक आहे," ती म्हणाली. तिने कोऱ्या ओळीवर बोट ठेवलं. "या खुणा माझ्या आहेत. प्रत्येकाला फोन करून लाकूड कुठलं ते मी विचारत होते. इथे खूण नाही, कारण इथे मी फोन केला नाही. साहेबांवर चिडले होते म्हणून केला नाही. अर्धा तास साहेबांनी काढला आणि प्रश्न मी काढला. दोन्ही लिहून घ्या."

दादा लगेच बोलला. "विचारलं असतं तरी ते खरं थोडंच बोलले असते!"

वहिनी गर्रकन माझ्याकडे वळली. "तुम्ही होतात तिथे. काय म्हणाले ते?"

मला खोटं बोलायचं होतं, देवाशपथ. पण तिच्या नजरेपुढे जीभ रेटेना. मिस्त्री जे म्हणाला होता ते मी सांगितलं. वहिनी खुर्चीवर बसली आणि कागदाची परत घडी घालायला लागली.

अर्धा तास परत आला. साहेबांना दुसऱ्या शाखेत पाठवलं, आणि तिथे त्यांना मोठी केबिन मिळाली म्हणे! असल्या माणसांचं काही वाकडं होत नाही. वहिनीला लेखी ताकीद मिळाली. ती तिने स्वतःच्या टेबलासमोर भिंतीवर लावली, रोज दिसेल अशी. दादाची नोकरी राहिली. गाडीवर नवा माणूस आला आणि दादाला वहिनीशेजारी बसून करायचं काम दिलं.

रोज सकाळी वहिनी त्याच्या शर्टाची बटणं लावते. रोज भांडते. "अहो, एकदा तरी चिडा माझ्यावर. एकदा तरी बोला काहीतरी."

"चिडून काय हाड जुळणार आहे?" दादा म्हणतो, आणि दुसरा हात पुढे करतो. मग ती आणखी भडकते. हा माणूस आपल्याला माफ करून मोकळा झाला, याचाच तिला राग. आम्ही लहान होतो तेव्हाही मी त्याच्या वस्तू मोडल्या तर तो असंच करायचा, आणि मला वाटायचं, त्यापेक्षा दोन थपडा मारल्या तर बरं.

गेल्या सोमवारी मी कागद घ्यायला उभा होतो. वहिनी एकेक फोन करून खुणा करत होती. शेवटी एक वर्कशॉप राहिलं. तिथला मिस्त्री बारा वर्षांच्या ओळखीचा, दर खेपेला नवीनच लाकूड आणणारा. घड्याळात जेवणाची वेळ झाली होती. वहिनीने फोन न करताच पेन्सिलीने खूण केली आणि कागद माझ्याकडे सरकवला.

धाडकन आवाज झाला. दादाने हात टेबलावर आपटला होता, आणि तोही डावा, स्क्रू बसवलेला.

"फोन लाव."

"अहो, ते आपले नेहमीचेच..."

"फोन लाव म्हणतो ना! कुणाचे हात आहेत तिथे? तुझे आहेत?"

सगळं ऑफिस वळून बघायला लागलं. दादाचा चेहरा दुखण्याने पांढराफटक पडला होता. मी चाळीस वर्षांत त्याचा तो आवाज ऐकला नव्हता. वहिनीने कागद माझ्या हातातून ओढला, खूण खोडली आणि नंबर फिरवला. पहिल्याच प्रश्नाला तिला रडू फुटलं. "छप्पर आहे का?" तिने डोळे पुसले आणि पुन्हा विचारलं. मग जमीन, मग वायर, एकही न गाळता शेवटच्या प्रश्नापर्यंत. तोवर दादाने टेबलावरचा हात उचलला नाही.

तिने उत्तर लिहून घेतलं. आपटल्यामुळे त्याच्या बाहीचं बटण सुटलं होतं. फोन खांद्याने कानाशी धरून तिने ते लावलं.