बापटांचा कॉम्प्युटर आणि चौतीस मिनिटं

चंदीगडमध्ये आम्ही मराठी माणसं जेवढी, त्याच्या चौपट आमचे किस्से. कारण सरळ आहे. गावाकडे कुणाची फजिती झाली तर वाटून घ्यायला अख्खी गल्ली असते. इथे आमची घरं मोजून वीस, त्यामुळे एकच फजिती पुरवून पुरवून वापरावी लागते! गणपतीत सांगायची, संक्रांतीला पुन्हा सांगायची, आणि कुणाची बदली झाली की निरोपाच्या जेवणात तीच गरम करून वाढायची. काही फजित्या मात्र इतक्या भरघोस असतात की एकीच्या पोटातच पाच-सात किस्से निघतात. बापटांच्या कॉम्प्युटरची त्यातली. तिच्यात मी स्वतः दोनदा गुन्हेगार आहे, तेव्हा मीच सांगितलेली बरी.

•

डॉ. मुकुंद बापट, मूळचा मिरजेचा. इथे मेडिकल कॉलेजात ॲनाटॉमी शिकवायचा. मानेतल्या रक्तवाहिनीच्या सगळ्या फांद्या पुस्तक न उघडता म्हणून दाखवायचा, पण येताना कोथिंबीर आणा म्हटलं तर सेक्टर बावीसच्या बाजारातून इंग्रजी मासिक घेऊन यायचा.

घरात त्याचा शब्द एकच, "हं." संध्याकाळी खिडकीपाशी खुर्ची, हातात उघडा पेपर आणि नीलावहिनी काहीही बोलल्या की पेपरामागून "हं."

एकदा वहिनींनी परीक्षा घ्यायची ठरवली. म्हणाल्या, "अहो, स्वयंपाकघरात आग लागलीय!"

"हं."

वहिनींनी कपाळाला हात लावला आणि भाजी निवडायला बसल्या. दोन मिनिटांनी पेपरामागून आवाज आला, "विझली का?"

•

त्या वर्षी वहिनींनी नाटक लिहिलं. नवं शतक लागून दोन-तीन वर्षं झाली होती. आमच्या मंडळाच्या गणपतीत तोवर पुण्या-मुंबईहून मागवलेली नाटकं व्हायची. आपल्यातल्या कुणी लिहिलेलं हे पहिलंच, आणि वहिनींनीही आयुष्यात लिहिलेलं पहिलंच. मिरजेहून सासू-सासरे थंडीत चंदीगडला येतात आणि रजईतून बाहेर पडायलाच तयार होत नाहीत, अशी गोष्ट. सासूबाईंचं काम माझ्या बायकोला, शोभाला, आणि सासऱ्यांचं सर्जन घाटगेला.

चार महिने वहिनी कॉम्प्युटरवर थेट टाइप करत होत्या. वही नाही, कागद नाही. रोज संध्याकाळी त्या दिवसाचं टाइप केलेलं मोठ्यांदा वाचून दाखवायच्या. ऐकायला कोण? पेपर.

"लिहून झालं की सांगतील कसं झालंय ते," त्या शोभाला म्हणाल्या होत्या. लिहून झालं. बापट म्हणाला, "हं."

वहिनींना ते फार लागलं. त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण आम्हाला कळलं. आणि बापटलाही बहुधा कळलं असावं, कारण दुसऱ्याच दिवशी तो वहिनींना न सांगता नवा प्रिंटर घेऊन आला. नाटकाच्या सहा प्रती छापून त्यांच्या हातात द्यायच्या, असा बेत. इथपर्यंत माणूस देवासारखा वागला.

•

प्रिंटर जुन्या सिस्टिमवर चालेना. मग बापटने कुठल्याशा टपरीवरून नव्या ऑपरेटिंग सिस्टिमची सीडी आणली. कव्हरवर पेनाने लिहिलेला नंबर, बाकी सगळं रामभरोसे. वहिनी मंडळात मोदकांची यादी करायला गेल्या होत्या, तेवढ्यात याने अपग्रेडला हात घातला.

पडद्यावर आलं, अजून चौतीस मिनिटं लागतील. अर्ध्या तासाने पाहिलं, चौतीस मिनिटं. वहिनी घरी आल्या, चौतीस मिनिटं. दुसऱ्या दिवशी बापट कॉलेजला जाऊन आला, तरी चौतीस!

त्याने मला फोन केला. मी शिकवतो बॉटनी. पण माझा मेव्हणा बंगलोरला सॉफ्टवेअरमध्ये, म्हणून मंडळात मीच कॉम्प्युटरचा जाणकार.

"कसं आहे?" मी विचारलं.

"स्टेबल," बापट म्हणाला. "काल होता तसाच."

नाटकाला पंधरा दिवस राहिले होते, आणि नाटक त्या डब्यात होतं.

•

मी बापटांच्या घरूनच मेव्हण्याला फोन लावला. फोन हॉलमध्ये, कॉम्प्युटर आतल्या खोलीत. त्यामुळे बंगलोरहून मेव्हणा मला सांगणार, मी दारातल्या शोभाला, शोभा आत वहिनींना. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

सुरुवात झकास झाली. बंद करा, केलं. सीडी घाला, घातली. आता नंबर मागेल, मागितला.

तेवढ्यात शोभाला आठवलं की फोनवर आपला सख्खा भाऊ आहे. "अहो, त्याला विचारा ना, आईचं बीपी किती निघालं?"

मी विचारलं. उत्तर आलं. मी ते शोभाकडे ढकललं, तिने सवयीने आत ढकललं, "एकशेसाठ, शंभर!"

आत खाटखुट झाली. मग वहिनींचा आवाज, "टाकलं हो. नाही म्हणतोय."

बापट खुर्चीतून उठून पडद्यापाशी गेला. चष्मा वर करून त्याने आकडा नीट पाहिला आणि गंभीरपणे म्हणाला, "बरोबर आहे त्याचं. जास्तच आहे."

मग कव्हरवरचा नंबर घातला. तो चालला. गाडी सुरळीत निघाली आणि चौतीस मिनिटांवर येऊन उभी राहिली.

•

तिसऱ्या दिवशी मंडळाचे अध्यक्ष कर्नल साळुंखे आले. साताऱ्याचे, कँटोनमेंटमध्ये पोस्टिंग. आल्या आल्या त्यांनी आम्हाला ओळीत बसवलं. पडद्यावर काय काय दिसलं ते वेळेसह लिहून काढायला लावलं. बापटने तीन पानं भरली. पहिल्या पानावर चौतीस मिनिटं, दुसऱ्या पानावर चौतीस मिनिटं, तिसऱ्या पानावर चहा आला.

कर्नलसाहेबांनी तिन्ही पानं वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाले, "पुढे जाता येत नाही. माघार घ्यायची. पण शिस्तीत!"

त्यांनी स्वतः माऊस हातात घेतला आणि अपग्रेड रद्द करायचं बटण दाबलं. पडद्यावर चौकट आली, 'नक्की रद्द करायचं?'

साळुंखेंनी वळून आमच्याकडे पाहिलं. "हा मला विचारतोय?"

मी मान डोलावली.

"बावीस वर्षांत मला कुणी उलटून विचारलं नाही!" म्हणत त्यांनी पाठीमागची वायरच खेचली.

त्यानंतर पडदा काळा झाला. चौतीस मिनिटंही गेली. आता त्या मिनिटांचीसुद्धा आठवण येऊ लागली होती.

•

घाटगे कोल्हापूरचा. हात सोन्याचा, पण धीर अजिबात नाही. "काय राव, चार दिवस नुसतं पेशंटकडे बघत बसलाय! आत शिरल्याशिवाय कळतंय होय?"

नाटकात त्यालाच सासऱ्याचं काम होतं, तेव्हा तळमळ खरी होती. बापट चहा टाकायला आत गेला, वहिनी शेजारी गेल्या होत्या. असिस्टंट म्हणून मी उभा. सीडीवरून मशीन सुरू केलं तर डिस्कचे दोन भाग दिसले.

"यातला बिघडलेला कुठला?" घाटगेने विचारलं.

"पहिला असावा," मी म्हणालो. "का दुसरा?"

हा माझा पहिला गुन्हा. सर्जनपुढे 'का' म्हणू नये.

"शंका आहे ना? मग दोन्ही काढायचे," असं म्हणून त्याने दोन्ही भाग पुसून टाकले, डिस्क पहिल्यापासून कोरी करून घेतली आणि नवी सिस्टिम बसवली. अशी बसली म्हणता! चौतीस मिनिटं झरझर उतरली आणि पडद्यावर निळं आकाश आलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. बापट चहाचा ट्रे घेऊन आला, वहिनीही आल्या.

"बघा वहिनी, एकदम क्लीन!" घाटगे म्हणाला.

"आणि माझं नाटक?"

घाटगेचा कप हवेतच राहिला. "नाटक या पुसलेल्या भागात होतं? मला हिस्ट्री कुणी दिलीच नाही!"

•

वहिनी मात्र डगमगल्या नाहीत. कपाट उघडून त्यांनी साडीच्या घडीतून एक फ्लॉपी काढली. दर शनिवारी त्या नाटकाची कॉपी फ्लॉपीवर घ्यायच्या. कशी घ्यायची ते मीच शिकवलं होतं, पडद्यावरचं नाटकाचं चित्र माऊसने ओढायचं आणि फ्लॉपीवर सोडायचं. सगळ्यांनी माझ्याकडे आदराने पाहिलं. आयुष्यात तसं पुन्हा कुणी पाहिलेलं नाही.

फ्लॉपी घातली. नाटकाचं चित्र दिसलं. उघडलं, तर फाइल सापडत नाही म्हणे.

बंगलोरला फोन केला. चित्राच्या कोपऱ्यात छोटा बाण आहे का, ते मेव्हण्याने विचारून घेतलं. मग म्हणाला, "भावजी, ती दारावरची पाटी आहे. घर कॉम्प्युटरमध्येच राहिलं."

चार महिने, दर शनिवारी, वहिनींनी भक्तिभावाने पाटी जपली होती. हा माझा दुसरा गुन्हा. त्याबद्दल मला अजून कुणी बोललेलं नाही, म्हणून तो जास्त टोचतो.

•

शेवटची आशा म्हणजे सेक्टर बावीसचे सोढीजी. साठीचे, पांढरी दाढी, पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचे, आता कॉम्प्युटर. बापट डबा मांडीवर घेऊन स्कूटरच्या मागच्या सीटवर, मी पुढे, आणि मागून रिक्षात वहिनी.

सोढीजींनी दोन तास खटपट केली. मग हात पुसत म्हणाले, "डॉक्टर साब, कुछ नहीं बचा जी. जिसने भी साफ किया है, बड़े दिल से किया है."

मग त्यांनी चहा मागवला आणि वहिनींना विचारलं, "था क्या इसमें, बहनजी?"

"नाटक. मैंने लिखा था."

"आपने?" सोढीजी हसले. "ओ फिर किस गल्ल दा रोना! लिखनेवाली तो सामने बैठी है. दुबारा लिख लो!"

तेव्हा वहिनी रडल्या. इतके दिवस रडल्या नव्हत्या. "एकदाच जमलं होतं हो," त्या म्हणाल्या, "पुन्हा नाही जमायचं." सोढीजींनी एक पैसा घेतला नाही. बापट डबा मांडीवर घेऊन बसला होता. त्याच्या तोंडून "हं"सुद्धा निघालं नाही, आणि मला त्याची पहिल्यांदाच दया आली.

•

रविवारी सकाळी मी आणि शोभा साबुदाण्याची खिचडी घेऊन त्यांच्याकडे गेलो. नाटकाचा कार्यक्रम रद्द करू, हे कर्नलसाहेबांना कोणी सांगायचं ते ठरवायचं होतं. वहिनी कोरी वही घेऊन बसल्या होत्या. दोन ओळी लिहिलेल्या, त्यातली एक खोडलेली. बापट खिडकीपाशी, पेपर उघडा.

"पडदा उघडतो, सासरे चहा मागतात," वहिनी स्वतःशीच पुटपुटल्या. "मग काय होतं बाई?"

"नाही," पेपरामागून आवाज आला. "आधी सासूबाई रजई मागतात. सासरे म्हणतात, दोन आहेत की अंगावर. त्या म्हणतात, तिसरी तुमच्यासाठी नाही, माझ्या गुडघ्यासाठी."

शोभाने खिचडीचा डबा हळूच खाली ठेवला.

"मग सून येते," पेपर बोलतच होता. "तिच्या हातात शेगडी. इथे तू कुकर बंद करायला गेली होतीस. मग आलीस आणि पुढचं वाचलंस."

वहिनींनी पेन उचललं. दुसरं पेन मी घेतलं, तिसरं शोभाने. पानापानाने आम्ही तिघं लिहीत होतो, आणि बापट सांगत होता. कोण कुठून येतो, कुठे थांबतो, कुठे सासरे शिंकतात, सगळं त्या मानेतल्या रक्तवाहिनीसारखं, फांदी न चुकवता. पेपर कधी गळून पडला ते त्यालाही कळलं नाही. खिचडी गार झाली. दुपारी एकच्या सुमाराला आम्ही दुसऱ्या अंकात पोचलो.

"इथे सून सासूबाईंना सांगते," बापट म्हणाला, "'ह्यांना काही सांगायचं असलं ना, तर मी गॅसच्या शेगडीला सांगते. निदान ती पेटते तरी!'"

वहिनींचा हात थांबला. त्यांनी मान वर केली.

"हे वाक्य मी काढलं होतं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "एकदाच वाचलं आणि तिथल्या तिथे पुसलं. म्हटलं, लोक काय म्हणतील."

"चांगलं होतं," बापट म्हणाला. "राहू दे ते."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"अगं, बोलणारच होतो! पण तू लगेच पुढचं वाचायला घेतलंस."